पाठीवरची गाळणी : काय अडते, काय निसटते?

किल्ल्यावर चढताना पाठीवर सर्वांत जड काय असते? पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो! माणशी चार लिटर घेतले, तर बाकीचे सामान हलके करून फारसे साधत नाही. म्हणून टाक्यातले वा ओढ्यातले पाणी जागेवरच गाळणाऱ्या छोट्या गाळण्या डोंगरभटके आता बाळगू लागले आहेत. मुलांची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मात्र गाळणीचे वजन पाहण्याआधी तिचे छिद्र पाहावे, असे आम्हांला वाटते.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिआर्डिया या आदिजीवाची पुटी ८ ते १२ मायक्रॉनची असते, क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६. पटकीचा किंवा विषमज्वराचा जिवाणू सुमारे अर्धा मायक्रॉन जाड. कावीळ करणारे 'ए' आणि 'ई' विषाणू मात्र जेमतेम ०.०३ मायक्रॉनचे!

आता गाळण्या पाहू. कॅटाडिन पॉकेट ही सिरॅमिकची हातपंपी गाळणी ०.२ मायक्रॉनची, वजन ५५० ग्रॅम. ती घासून पुन्हा पुन्हा वापरता येते. सॉयर स्क्वीझ ही पोकळ तंतूंची, ०.१ मायक्रॉनची, वजन सुमारे ८५ ग्रॅम. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त डायलिसिसमध्ये ज्या प्रकारच्या तंतूंतून शुद्ध करतात, तशाच तंतूंचा जुडगा तिच्यात असतो. इतके तंतू कशाला? छिद्राची त्रिज्या निम्मी केली की त्यातून वाहणारे पाणी सोळाव्या हिश्शावर येते. ही तूट छिद्रांची संख्या वाढवूनच भरून काढावी लागते.

दोन्ही गाळण्या जिवाणू आणि पुटी अडवतात. विषाणूच्या तिप्पट रुंद दार मात्र उघडेच राहते. ही गोष्ट आपल्या देशात किरकोळ नव्हे. १९५५-५६ साली दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी शिरले. क्लोरीन वाढवल्यामुळे विषमज्वराची साथ टळली, पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती 'ई' विषाणूची होती, हे पुढे कळले. जिवाणूंना पुरलेली मात्रा विषाणूंना पुरली नव्हती.

मग क्लोरीनची गोळी कशी वापरावी? आधी पाणी गाळावे, नंतर गोळी टाकावी. गढूळ पाण्यातील सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात. गाळल्यावर ते बरेच कमी होतात. वेष्टनावर लिहिलेली मात्रा आणि वेळ (बहुधा अर्धा तास) पाळावी. मुलांना धीर नसतो, म्हणून घड्याळ शिक्षकांनीच पाहावे. उलट, क्रिप्टोस्पोरिडियमची पुटी गोळीला दाद देत नाही. तिला गाळणीच अडवते. म्हणजे एकीचे उणे दुसरी भरून काढते, आणि गोळ्यांचे वजन ते किती! इंधन असेल, तर पाणी एक मिनिट खळखळ उकळावे (२,००० मीटरच्या वर तीन मिनिटे). त्यात तिन्ही शत्रू मरतात. विरघळलेली कीटकनाशके मात्र यांपैकी कशानेच जात नाहीत. शेताखालच्या ओढ्याचे पाणी टाळलेलेच बरे.

पोकळ तंतूंना थंडीचे भय असते. हिमालयात रात्री गाळणी गोठली, तर तंतू तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी भिजलेल्या गाळणीला हवा भरलेली पिशवी जोडून दाबून पाहावी. शाबूत छिद्रांतले पाणी पृष्ठताणामुळे हवेला वाट देत नाही. बुडबुडे सहज आले, तर ती गाळणी टाकून द्यावी. हेच तत्त्व वर्गात रुमालावर दाखवता येईल : आधी कोरड्या रुमालातून फुंकर मारावी, मग ओल्या.