'दुबार' म्हणजे काय?



जुलै लागला की आमच्या कार्यालयात येणाऱ्या अर्जांत एक शब्द हमखास दिसतो. 'दुबार पेरणी करावी लागल्याने फी भरण्यास मुदत मिळावी.' घरोघरी बोलला जाणारा हा शब्द मुले निबंधात मात्र कुठेही वापरतात. 'मी धडा दुबार वाचला' असे लिहितात. म्हणून त्याविषयी थोडे.

'दु' म्हणजे दोन आणि 'बार' म्हणजे वेळ, खेप. फारसी-उर्दूतला 'दोबारा' हा त्याचा सख्खा भाऊ. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'दोबारा' कशालाही चालतो. दोबारा बोलो, दोबारा आना. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे भैंसा परिसरात हा शब्द कुणाच्याच कानाला परका नाही. पण मराठीने त्याला मोजकीच कामे दिली. मराठीत 'दुबार' सहसा नामाला चिकटतो: दुबार पेरणी, दुबार पीक, दुबार नाव. धडा मात्र 'पुन्हा' किंवा 'दुसऱ्यांदा' वाचायचा.

गंमत अशी की, या तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा होतो. मतदार यादीतले दुबार नाव म्हणजे दुसरे नाव फाजील, ते कमी करायचे. दुबार पीक म्हणजे एकाच शेतात वर्षातून दोन पिके. खरिपात सोयाबीन, पाणी असेल तर रब्बीत हरभरा. ही सुखाची गोष्ट. आणि दुबार पेरणी म्हणजे पहिले बियाणे वाया गेले. एका मुलाने या दोन्हींचा अर्थ एकच लिहिला होता. पेपरात एक गुण जातो, शेतात वर्ष जाते!

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. एखादा चांगला पाऊस पडतो, शेजारी पेरतो, मग आपणही पेरतो. पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडे. काळ्या जमिनीची वरची ओल उडते, कोंब जागीच करपतात. बियाणे, खत, मजुरी सगळे पुन्हा. शिवाय कापसाची लावण लांबली की कोरडवाहू शेतात बोंडे भरण्याच्या वेळी ओल पुरत नाही. पैसा दुप्पट लागतो आणि उतारा बहुधा कमीच. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी खाते सांगत असते. घरचे कर्ज डोक्यावर असताना थांबणे सोपे नाही, हेही खरे. विश्वस्तांनी असे अर्ज वाचताना 'दुबार' या तीन अक्षरांत दोन वेळचा खर्च आहे हे ध्यानात घ्यावे, ही विनंती.

शुद्धलेखनाचे एक. 'दुबार'चा दु ऱ्हस्व. दुहेरी, दुमजली, दुभाषी यांतही तोच दोनाचा दु आहे. पण 'दुकाळ' किंवा 'दुबळा' यातला दु दोनाचा नव्हे. ते दुष्काळ आणि दुर्बल यांवरून आले.

तेलुगूत 'पुन्हा'ला 'मळ्ळी' म्हणतात. त्याच्या मुळाशी वळणे आहे. आपला 'परत' परतण्यातला, 'फिरून' फिरण्यातला, हिंदीचा 'फिर' फिरनातला. तिन्ही भाषांनी पुन्हा करण्याला मागे वळणेच मानले आहे. 'दुबार' तेवढा वळत नाही, मोजतो. तिसऱ्यांदा पेरावे लागले तर आपल्याकडे 'तिबार' हाही शब्द आहे.