अभ्रिका छायाचित्रण, नैसर्गिक रंगांतील

अभ्रिकांकडून येणाऱ्या प्रकाशातील निरनिराळ्या तरंगलांब्यांचे परस्परप्रमाण कायम राखून त्यांची रंगीत छायाचित्रे तयार करण्याचे तंत्र. अभ्रिका म्हणजे आंतरतारकीय अवकाशातील वायू व धूलिकण यांचे विरळ मेघ होत. त्यांचा प्रकाश अतिशय मंद असल्याने छायाचित्र दीर्घ उद्भासनाने घ्यावे लागते व नंतर त्यावर अनेक संस्कार करावे लागतात. या संस्कारांत रंग सहज बदलतात. म्हणून छायाचित्रात दिसणारा रंग अभ्रिकेचा किती, वातावरणाचा किती आणि उपकरणाचा किती, हे वेगळे करणे हा या तंत्रातील मुख्य प्रश्न आहे. रंगावरून अभ्रिकेतील द्रव्य व तेथील भौतिक परिस्थिती यांचे अनुमान करता येत असल्यामुळे या प्रश्नाला केवळ सौंदर्यदृष्टीपलीकडचे महत्त्व आहे.

मानवी डोळा व अभ्रिकांचे रंग : ‘डोळ्यांना दिसेल तो नैसर्गिक रंग’ ही व्याख्या अभ्रिकांच्या बाबतीत उपयोगी पडत नाही. डोळ्याच्या जालपटलावर शंकू व शलाका अशा दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी कोशिका असतात. रंगांचे ज्ञान शंकूंमुळे होते परंतु मंद प्रकाशात ते कार्य करीत नाहीत. मंद प्रकाशात केवळ शलाका कार्य करतात व त्यांना रंगभेद कळत नाही. त्यामुळे बहुतेक अभ्रिका दूरदर्शकातून करड्या दिसतात. मृग नक्षत्रातील मोठ्या अभ्रिकेचा (एम ४२) मध्यभाग पुरेसा तेजस्वी असल्याने मोठ्या दूरदर्शकातून तो किंचित हिरवट दिसतो, हा एक अपवाद. मोठ्या दूरदर्शकामुळे अभ्रिका आकाराने मोठी दिसते परंतु तिच्या पृष्ठाची तेजस्विता नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून वाढत नाही. याच कारणाने अवकाशयानातून अभ्रिकेच्या अगदी जवळ गेलेल्या निरीक्षकालाही ती रंगीत दिसणार नाही. म्हणून नैसर्गिक रंग याचा अर्थ, अभ्रिकेचा प्रकाश त्यातील प्रमाणे न बदलता पुरेसा तीव्र केला असता दिवसाच्या दृष्टीला जो रंग दिसेल तो, असा घ्यावा लागतो.

रंगांचा उगम : अभ्रिकांचे रंग मुख्यतः तीन कारणांनी निर्माण होतात. अतितप्त ताऱ्यांच्या जंबुपार प्रारणाने आयनीभूत झालेला वायू ठराविक तरंगलांब्यांचा प्रकाश उत्सर्जित करतो. त्यातील प्रमुख रेषा म्हणजे हायड्रोजनाच्या आल्फा (६५६·३ नॅनोमीटर) व बीटा (४८६·१ नॅनोमीटर) या रेषा आणि द्विआयनीभूत ऑक्सिजनाची ५००·७ नॅनोमीटरची हिरवी रेषा. सु. १०,००० के. तापमानाच्या वायूत आल्फा रेषेची ऊर्जा बीटा रेषेच्या सु. २·८६ पट असते परंतु गडद तांबड्या प्रकाशाला डोळा कमी संवेदनशील असल्याने दिवसाच्या दृष्टीला या दोन रेषांची तेजस्विता जवळजवळ सारखीच भासेल. त्यामुळे हायड्रोजन अभ्रिकेचा नैसर्गिक रंग शुद्ध तांबडा नसून गुलाबी असतो. दुसऱ्या प्रकारात धूलिकण जवळच्या ताऱ्यांचा प्रकाश विखुरतात. निळा प्रकाश अधिक विखुरला जात असल्याने अशा परावर्तन अभ्रिका निळसर दिसतात. तिसऱ्या प्रकारात दाट धूळ मागील प्रकाश शोषून घेते, त्यातही निळा अधिक. त्यामुळे धुळीच्या कडा पिंगट दिसतात व धुळीआडचे तारे तांबूस होतात.

विल्यम हगिन्झ यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातील एनजीसी ६५४३ या अभ्रिकेचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यात अखंड पट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा आढळल्या. त्यांतील हिरव्या रेषांसाठी ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिण्यात आले. या रेषा द्विआयनीभूत ऑक्सिजनाच्या असल्याचे आयरा बोएन यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये कृत्तिकांभोवतालच्या अभ्रिकेचा वर्णपट घेतला. तो त्या ताऱ्यांच्या वर्णपटासारखाच असल्याने तेथील प्रकाश परावर्तित आहे, हे सिद्ध झाले.

इतिहास : अभ्रिकेचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले. ते मृगातील मोठ्या अभ्रिकेचे होते. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी दूरदर्शकाऐवजी लहान केंद्रांतराची भिंगे वापरून आकाशाचे विस्तृत भाग टिपले. मृगाला वेढणारे, ‘बर्नार्डचे कडे’ म्हणून ओळखले जाणारे विस्तीर्ण वायुवलय त्यांनी १८९४ मध्ये छायाचित्रित केले. ही सर्व चित्रे एकरंगी होती. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच तीन रंगीत गाळण्यांतून घेतलेल्या चित्रांच्या संयोगाने रंगीत प्रतिमा मिळविली होती परंतु मंद खस्थ पदार्थांसाठी ती रीत वापरण्याइतकी संवेदनशील पायसे त्या काळी नव्हती.

पॅलोमार वेधशाळेतील विल्यम मिलर यांनी रंगीत फिल्मवर घेतलेली अभ्रिकांची चित्रे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. रंगीत फिल्ममधील तीन थरांची संवेदनशीलता दीर्घ उद्भासनात सारख्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे तासभराच्या उद्भासनात रंगांचा तोल बिघडतो व तो गाळण्यांच्या साहाय्याने सावरावा लागतो. ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निराळा मार्ग अवलंबिला. निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशात तीन स्वतंत्र कृष्णधवल काचपट्ट्या घेऊन त्यांच्या संयोगाने त्यांनी रंगीत चित्रे तयार केली. मॅक्सवेल यांचेच तत्त्व आज इलेक्ट्रॉनीय संवेदकांतही वापरले जाते. डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकावर तीन रंगांच्या सूक्ष्म गाळण्यांची जाळी असते. ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या एकस्वातील या रचनेत दर चार पिक्सेलांपैकी दोन हिरव्यासाठी आणि प्रत्येकी एक तांबड्या व निळ्यासाठी असतो. संवेदकावर नोंदला जाणारा आकडा पडलेल्या प्रकाशाच्या सम प्रमाणात असतो. फिल्मला नसलेल्या या गुणामुळेच रंगांची प्रमाणे मोजून राखणे शक्य झाले.

विस्तृत क्षेत्रातील अडचणी : ३६ × २४ मिमी. आकाराच्या संवेदकावर १३५ मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने आकाशाचे सु. १५° × १०° क्षेत्र मावते. मृगाच्या मध्यावर असे क्षेत्र धरल्यास त्रिकांड, मोठी अभ्रिका, अश्वशीर्ष अभ्रिका व बर्नार्डच्या कड्याचा बराच भाग एकाच चित्रात येतो. तथापि क्षेत्र मोठे असल्याने त्याची एक बाजू क्षितिजाच्या अधिक जवळ असते. त्या बाजूला वातावरणाचा थर जाड असून ताऱ्यांचा प्रकाश अधिक तांबूस होतो व गावांच्या दिव्यांचा उजेडही अधिक असतो. शिवाय वातावरणाला स्वतःची दीप्ती असते. तीत ऑक्सिजनाच्या ५५७·७ (हिरवी) व ६३०·० (तांबडी) नॅनोमीटरच्या रेषा ठळक असतात. भिंगामुळे चित्राच्या कडा मध्यापेक्षा काळवंडतात, हे निराळेच. हे सर्व दोष रंगीत असून चित्रभर असमान पसरलेले असतात.

संस्करण : प्रथम उपकरणाचे दोष दूर करतात. भिंग झाकून तितक्याच उद्भासनाची चित्रे घेतात व ती मूळ चित्रांतून वजा करतात. एकसारख्या प्रकाशित पृष्ठाचे चित्र घेऊन त्याने मूळ चित्रास भागतात. त्यामुळे कडांची काळवंड व धुळीचे डाग जातात. नंतर अनेक चित्रे एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढतात. चित्रांची संख्या शंभर असल्यास यदृच्छ कोलाहल सु. एक-दशांश होतो.

दुसरी पायरी आकाशाची पार्श्वदीप्ती वजा करण्याची. चित्रातील रिकाम्या जागांवरून या दीप्तीचा सौम्य उतार गणिताने ठरवितात व तो वजा करतात. येथे सर्वांत मोठी चूक संभवते. मृगाच्या परिसरात खऱ्या अर्थाने रिकामे आकाश फार थोडे आहे. जवळजवळ सर्वत्र मंद हायड्रोजन किंवा धूळ पसरलेली आहे. तेथील फिकट तांबूस छटा प्रदूषण समजून वजा केल्यास कड्याचा खरा प्रकाश नाहीसा होतो आणि इतरत्र खोटी हिरवट-निळी छटा उमटते. म्हणून नमुन्याच्या जागा निवडताना हायड्रोजन-आल्फा सर्वेक्षणांच्या नकाशांचा आधार घेणे इष्ट ठरते.

तिसरी पायरी पांढऱ्या रंगाचे प्रमाण निश्चित करण्याची. सामान्यतः सूर्यासारख्या (जी२ वर्गाच्या) ताऱ्याचा प्रकाश पांढरा मानून तिन्ही रंगांचे गुणक ठरवितात. गाया या यूरोपीय अवकाशयानाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या माहितीसंचात सु. २२ कोटी पदार्थांचे कमी विभेदनाचे वर्णपट आहेत. त्यामुळे चित्रातील शेकडो ताऱ्यांचे अपेक्षित रंग गणिताने काढून मोजलेल्या रंगांशी ताडून पाहता येतात. मृगात याची साधी कसोटीही उपलब्ध आहे. सु. ३,६०० के. पृष्ठतापमानाचा काक्षी तारा नारिंगी आणि सु. १२,००० के. तापमानाचा राजन्य तारा निळसर पांढरा दिसला पाहिजे.

तारे बरोबर दिसले म्हणजे अभ्रिका बरोबर दिसेलच असे मात्र नाही. ताऱ्यांचा वर्णपट अखंड असतो, तर अभ्रिकेचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असतो. नेहमीच्या कॅमेऱ्यातील अवरक्तरोधक गाळणी ६५६·३ नॅनोमीटरचा बहुतांश प्रकाश अडविते. अशा चित्रात तांबडा रंग सर्वत्र वाढविल्यास तारे नारिंगी होतात परंतु गमावलेला हायड्रोजनाचा प्रकाश ताऱ्यांच्या तुलनेत परत मिळत नाही. त्यासाठी मूळची गाळणी बदललेला कॅमेरा वापरावा लागतो. तसेच ऑक्सिजनाची ५००·७ नॅनोमीटरची रेषा निळ्या व हिरव्या गाळण्यांच्या सीमेवर पडते. तीच अभ्रिका एका संचाने निळी व दुसऱ्याने हिरवट दिसण्याचे कारण हेच होय. संवेदकाचा प्रतिसाद डोळ्याच्या प्रतिसादाहून भिन्न असल्याने तीन रंगांच्या आकड्यांचे आव्यूहाच्या साहाय्याने रूपांतरही करावे लागते.

शेवटची पायरी तेजस्विता वाढविण्याची. मोठ्या अभ्रिकेचा गाभा बर्नार्डच्या कड्याहून हजारो पट तेजस्वी असल्याने दोन्ही एकाच चित्रात दाखविण्यासाठी मंद भाग अधिक व तेजस्वी भाग कमी वाढवावा लागतो. ही क्रिया तिन्ही रंगांवर स्वतंत्रपणे केल्यास तेजस्वी भागांचे रंग फिके पडून पांढरे होतात. रॉबर्ट लप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत एकूण तीव्रतेवरून एकच गुणक काढून तो तिन्ही रंगांना लावतात. त्यामुळे रंगांचे परस्परप्रमाण टिकते. चित्रातील हिरवी छटा सरसकट काढून टाकण्याची प्रथाही सदोष आहे. पार्श्वभागातील हिरवटपणा बहुधा कोलाहलाचा किंवा वातावरणाचा असला, तरी मोठ्या अभ्रिकेच्या गाभ्यातील हिरवट छटा ऑक्सिजनाची, म्हणजे खरी आहे.

या सर्व पायऱ्या काळजीपूर्वक पार पाडल्यास मृगाच्या चित्रात मोठ्या अभ्रिकेचा गाभा फिकट हिरवट-निळसर व भोवतालचा भाग गुलाबी दिसतो. तिच्या उत्तरेची एनजीसी १९७७ ही अभ्रिका निळी, बर्नार्डचे कडे तांबूस गुलाबी, तर त्रिकांडाजवळच्या एनजीसी २०२४ या अभ्रिकेचा रंग पुढच्या धुळीमुळे पिंगट-नारिंगी दिसतो.

संकेतरंग : सर्वच चित्रांत नैसर्गिक रंग अभिप्रेत नसतात. हबल अवकाश दूरदर्शकाने १९९५ मध्ये घेतलेल्या गरुड अभ्रिकेच्या (एम १६) प्रसिद्ध चित्रात गंधकाचा प्रकाश तांबड्या, हायड्रोजनाचा हिरव्या व ऑक्सिजनाचा निळ्या रंगाने दाखविला आहे. गंधक व हायड्रोजन या दोहोंच्या रेषा वस्तुतः तांबड्या असल्याने नैसर्गिक रंगांत त्या वेगळ्या ओळखता आल्या नसत्या. अशी चित्रे खोटी नव्हेत. ती नकाशासारखी असतात आणि रंगांची सूची सोबत असली म्हणजे अर्थपूर्ण ठरतात.

नैसर्गिक रंगांच्या चित्रासोबतही भिंग, गाळण्या, उद्भासन काल व पांढऱ्यासाठी घेतलेले प्रमाण यांची नोंद देणे आवश्यक असते. या नोंदीमुळे त्याच क्षेत्राची दोन निरीक्षकांनी घेतलेली चित्रे ताडून पाहता येतात आणि छटांमधील फरक आकाशातला की उपकरणातला, याचा निर्णय करता येतो.