पाकिटातला फोटो न बघता ओळखायचा

सीलबंद पाकिटात एक फोटो आहे. दूरच्या खोलीत बसलेला माणूस तो न बघता सांगतो, ‘दगडी काहीतरी दिसतंय, गोलसर, जवळ पाणी आहे.’ पाकीट फोडलं, तर आत नगरचा भुईकोट किल्ला, भोवती खंदक. अंगावर काटा येईल! पण आत भंडारदऱ्याचं दगडी धरण निघालं असतं, तरी वर्णन जुळलंच असतं. हरिश्चंद्रगडावरची केदारेश्वराची गुहा निघाली असती, तर तिथेही शिवलिंगाभोवती पाणीच.

अशा ‘दूरदृष्टी’चा हेरगिरीला उपयोग होतो का, हे अमेरिकी सरकारने 1972 पासून वीसेक वर्षं तपासलं. पुढे या प्रकल्पाला ‘स्टारगेट’ नाव मिळालं. उत्तर तपासायची त्यांची युक्ती मला फार आवडते. परीक्षकाला पाच फोटो द्यायचे, खरा कोणता ते सांगायचं नाही, आणि वर्णनाशी जुळतील तसे क्रम लावायला सांगायचे. नुसता योगायोग असेल, तर खऱ्या फोटोचा सरासरी क्रमांक 3 येतो. गूढ शक्तीला चक्क मोजपट्टी!

तरी फटी राहिल्याच. सुरुवातीच्या काही टिपणांत आदल्या दिवशीच्या ठिकाणांचा उल्लेख होता, त्यावरून क्रम लावता येत होता. 1995 मध्ये सीआयएने मूल्यमापन करून घेतलं, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांना आकडे योगायोगापलीकडचे वाटले. मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांना ते पटलं नाही. परीक्षक बहुधा प्रमुख संशोधक स्वतःच होते, हा त्यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. या माहितीवर एकही हेरमोहीम आखली गेली नव्हती, असं अहवालाने नोंदवलं आणि प्रकल्प बंद झाला.

पुण्यात 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तिच्यात परीक्षकाची गरजच उरली नाही. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40, आणि एकच प्रश्न: मूल हुशार की मतिमंद? संदिग्ध बोलायला जागाच नाही. उत्तीर्ण व्हायला 28 बरोबर हवीत. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल 24, सरासरी 46 टक्के. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची 102 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही शंभराच्या आसपास आलीच असती.