छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून सायकलवर निघताना

पहाटेच निघा. शहराच्या जुन्या दरवाजांच्या कमानी अरुंद. रिक्षांची वर्दळ सुरू झाली की सायकल हातात धरून चालावं लागतं. ही छावणी पूर्वी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची होती. जून १८५७ मध्ये इथल्या घोडदळाने बंड केलं. खाम नदी ओलांडली की महेमूद दरवाजा आणि त्याला लागून पाणचक्की. इथे अजिबात घाई नको. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवरून हौदात सोडलंय. त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत, म्हणून आत गारवा. वाटाड्याला ते दालन आवर्जून दाखवायला सांगा. बीबी का मकबरा सगळेच पाहतात. भडकल दरवाजा मात्र चुकवू नका: मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ मध्ये बांधला.