जुन्या आउटबोर्ड मोटारींतील प्रज्वलन-वेळेची तपासणी व जुळवणी

प्रस्तावना : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मि.मी.हून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतील नागरिकांना नौकांद्वारे बाहेर काढावे लागले. बचावनौकेची मोटार एरवी महिनोन्महिने पडून असते. पुराच्या दिवशी मात्र ती दोन-चार ओढींत सुरू व्हावी लागते. मोटार जुन्या बनावटीची, काँटॅक्ट पॉइंटची असेल तर हे बऱ्याच अंशी ठिणगीच्या वेळेवर अवलंबून असते.

कार्यतत्त्व : या द्विआघाती मोटारींत फ्लायव्हीलखाली मॅग्नेटो असतो. कॅममुळे पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्याच क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. इंधन जळण्यास काही काळ लागत असल्याने दट्ट्या टॉप डेड सेंटरला पोहोचण्यापूर्वीच ती पडणे आवश्यक ठरते. मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या वेगात २० अंशांसाठी सेकंदाचा सुमारे पंधराशेवा भागच उपलब्ध असतो. ठिणगी फार लवकर पडल्यास दोरी हाताला उलटा झटका देते, इंजिन ठोके देते व प्रसंगी दट्ट्याला भोक पडते. उशिरा पडल्यास मोटार सुरू होण्यास त्रास देते आणि तापते.

तपासणी व जुळवणी : आरंभ पॉइंटच्या फटीपासून करावा. कॅमवर घासणारा फायबरचा ठोकळा झिजतो, फट कमी होते व ठिणगी उशिरा पडू लागते. फट बदलली की वेळही बदलते. म्हणून आधी वेळ व नंतर फट जुळविणे म्हणजे दुप्पट श्रम. जॉन्सन व एव्हिनरूडच्या अनेक जुन्या मोटारींत ही फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मि.मी. असते. पडून राहिलेल्या मोटारीत पॉइंटवर गंज-काजळी धरते, ती प्रथम पुसावी.

त्यानंतर प्लग काढून, त्याची तार इंजिनाच्या धातूला जोडून, छिद्रात डायल गेज बसवावा. उदाहरणार्थ, स्ट्रोक ६० व कनेक्टिंग रॉड ११० मि.मी. असेल तर २० अंश म्हणजे दट्ट्या वरच्या टोकापासून सुमारे २.३ मि.मी. खाली, २५ अंशांना हेच अंतर ३.५ मि.मी. होते. पॉइंटला बॅटरी व दिवा जोडून फ्लायव्हील नेहमीच्याच दिशेने हळूहळू फिरवावे. दिवा विझतो तो ठिणगीचा क्षण. कॉइलची तार सोडविली नसेल तर दिवा विझतच नाही आणि दोष नसलेल्या पॉइंटवर संशय घेतला जातो. दोन सिलिंडर असल्यास प्रत्येकाची नोंद स्वतंत्र घ्यावी. जुळणी बरोबर असूनही वेळ चुकत असेल, तर फ्लायव्हीलची चावी अर्धवट तुटली आहे का, ते पाहावे.

शेवटी टायमिंग लाइटने चालू मोटार तपासावी, तीही पाण्याच्या टाकीतच. कोरडी चालविल्यास पंपाचा रबरी इम्पेलर अल्पावधीतच निकामी होतो.