दिवाळीपूर्वी गॅसची तपासणी

फराळासाठी कढई चढविण्यापूर्वी आपण घराचा कानाकोपरा झाडतो. पण शेगडीमागील रबरी नळीकडे आपले लक्ष जाते काय? सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. म्हणून गळती शोधण्यासाठी काडी कधीही ओढू नये. शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करावा व नळीला, सांध्यांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे फुगल्यास गळती आहे असे समजून रेग्युलेटर लगेच बंद करावा. भेगाळलेली वा ५ वर्षे वापरलेली नळी बदलून घ्यावी. कधी वास आलाच, तर विजेचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. एवढी दक्षता घेतलीत, की सणाचा आनंद निर्धास्तपणे भोगता येईल.