मजुराच्या हातची पोच

इ. स. १६७६ च्या सप्टेंबरांत शिवछत्रपतींनीं मामले प्रभावळीचा सुभेदार रामजी अनंत यास लिहिलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. ज्या कुणब्यापाशीं बैल नाहीं, बीं नाहीं, पोटास दाणा नाहीं, त्यास तें पुरवावें व व्याज न घेतां मुद्दल तेवढें ऐपतीप्रमाणें वसूल करावें, असा त्याचा आशय. आज्ञा उदार खरी. परंतु ती सुभेदारास आहे. कुणब्याच्या हातीं त्या पत्रानें कांहीं येत नाहीं. पुढील तगाईच्या व दुष्काळी कामांच्या कागदांतही देणाराच बोलतो. घेणारा बहुधा यादींतलें नांव असतो.

हा क्रम पालटला तो, आमच्या मतें, रोजगार हमीच्या कागदांत. वि. स. पागे यांच्या कल्पनेची ही योजना १९६५ त तासगांव तालुक्यांत अजमावली गेली, १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर पसरली, आणि तिचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. खर्चासाठीं नोकरदारांवर व व्यावसायिकांवर १९७५ पासून कर बसला होता.

समर्थांचें जांब ज्या घनसावंगी तालुक्यांत आहे, त्यांतच तीर्थपुरी आहे. (जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला, तत्पूर्वींचे कागद औरंगाबाद जिल्ह्याच्या दप्तरांत शोधावे.) या कायद्यानें तेथील भूमिहीन मजुरानेंही काम मागितलें कीं १५ दिवसांत तें देणें, न दिल्यास बेकारी भत्ता देणें, सरकारास भाग झालें. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें हा भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान चतुर्थांश व पुढें निम्मा ठरविला.

पण १५ दिवस मोजावयाचे कोठून? मागणीच्या पोचेवरील दिनांकापासून. म्हणूनच २००५ च्या कायद्यांत दिनांकित पोच देणें बंधनकारक केलें होतें. पोच नसेल तर मागणीच झाली नाहीं असें दप्तर म्हणतें व भत्ता बुडतो. तोंडी मागणाऱ्या निरक्षराचा हक्क असा शाई न लागतांच नाहींसा होतो. हजेरीपटांत काम मिळालेले तेवढेच दिसतात. मागूनही न मिळालेला मनुष्य पोचेवांचून इतिहासांतही उरत नाहीं.

सनदा व महजर जपणाऱ्या संग्राहकांस विनंती कीं, त्या भागांत १९७२-७३ चे हजेरीपट किंवा जुन्या पोचा आढळल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. अलीकडची पोच मात्र मजुरापाशींच राहूं द्यावी व नकलेवर समाधान मानावें. तिच्यावरचें मागणें अद्याप फिटलेलें नसेल.